कुत्रा का खाजवतो?

दुपारच्या वेळी ओसरीवर निजलेला कुत्रा एकाएकी उठून बसतो, मान वाकडी करतो आणि मागच्या पायाने कानामागे भराभर खाजवू लागतो. चार क्षण पायाचा जमिनीवर थडथड आवाज होतो. मग जांभई देऊन तो पुन्हा अंग टाकतो. हे दृश्य इतके नित्याचे आहे की त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, आणि पाहण्याचे तसे कारणही नसते. निरोगी कुत्राही दिवसातून काही वेळा खाजवतोच. परंतु तोच कुत्रा रात्री घरातल्या माणसांची झोप मोडेल इतका खाजवू लागला, पंजे चाटून चाटून त्यांवरचे पांढरे केस तांबूस झाले, सतरंजीवर तोंड घासून ओठांच्या कडा लाल झाल्या, शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडून कातडी उघडी पडली, तर मात्र त्या मुक्या जनावराला काही तरी होत आहे, आणि ते त्याला सांगता येत नाही, हे ओळखले पाहिजे.

घरोघरी याची कारणे दोन सांगितली जातात. एक, अंगात उष्णता झाली. दुसरे, खाण्यात मीठ गेले. दोन्ही समजुती जुन्या आहेत आणि दोन्हींना आधार नाही. फार मीठ कुत्र्याला अपायकारक असते हे खरे. पण बेताच्या मिठाने त्याला खाज सुटत नाही की त्याचे केस झडत नाहीत. या समजुतींचा खरा तोटा असा की, पहिले दोन-तीन महिने ताक पाजण्यात आणि अळणी भात घालण्यात निघून जातात आणि तेवढ्या अवधीत मूळ कारण पाय रोवून बसते.

खाज ही तापासारखी आहे. ताप आला म्हणजे तो कशाचा आहे हे वैद्य आधी पाहतो; कारण हिवतापाचे औषध विषमज्वराला चालत नाही. कुत्र्याच्या खाजेचेही तसेच आहे. पिसवा, कातडीत बिळे करणारे सूक्ष्म जीव, जंतू, यीस्ट, अन्नातले एखादे प्रथिन, घरातली धूळ, माळावरचे परागकण यांपैकी कोणत्याही एकाने, आणि पुष्कळदा दोघातिघांनी मिळून, ती उत्पन्न होते. वरून दिसणारी कातडी मात्र बहुतेक वेळा सारखीच लाल असते. म्हणून येथे औषधाच्या नावापेक्षा शोधाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

खाजेचा फेरा

खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना ती खाज, अशा अर्थाची व्याख्या सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० मध्ये केली. तिच्यात आजही फारसा बदल करावा लागलेला नाही. खाज म्हणजे सौम्य वेदनाच होय, असे पुढे बराच काळ मानले जात असे. १९९७ मध्ये माणसाच्या त्वचेत खाजेची वार्ता वाहणारे निराळे मज्जातंतू आढळले आणि ती समजूत मागे पडली. खाजवले असता किंचित वेदना होते; ही वेदना मेरुरज्जूमध्ये खाजेच्या वार्तेला क्षणभर दडपून टाकते आणि जिवाला बरे वाटते. पण नखांनी त्वचेच्या पेशी फुटतात, त्यांतून दाह करणारी द्रव्ये बाहेर पडतात, फटींतून जंतू आत शिरतात, आणि थोड्याच वेळात खाज पहिल्यापेक्षा अधिक जोराने परत येते. कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या बाह्यत्वचेहून पुष्कळ पातळ असते. अंगावर केसांचे दाट पांघरूण असल्यामुळे निसर्गाने तेथे काटकसर केली असावी. त्यामुळे या फेऱ्यात सापडलेला कुत्रा एका रात्रीत तळहाताएवढी ओली, लाल, चिघळलेली जखम स्वतःच्या दातांनी करून घेतो. सकाळी ती पाहून घरच्यांना वाटते की त्याला कोणी चावले.

नेपच्यून

ॲलर्जीच्या शास्त्राचा आरंभ एका कुत्र्यापासून झाला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट याच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ सागरी प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करीत होते. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर निळ्या फुग्यासारखे दिसणारे आणि ब्लू बॉटल म्हणून ओळखले जाणारे जे दंशकारी जीव वाहत येतात, त्यांच्याच वर्गातील प्राणी त्यांनी प्रथम घेतला. पॅरिसला परतल्यावर तो मिळेना, म्हणून खडकांना चिकटून राहणाऱ्या समुद्रपुष्पाचे विष घेऊन त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. थोडे थोडे विष टोचत गेल्यास कुत्र्याला त्याची सवय होऊन तो सुरक्षित होईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

नेपच्यून हा त्यांतला एक धडधाकट कुत्रा. पहिल्या टोचणीने त्याला काहीच झाले नाही. २२ दिवसांनी त्याला तेवढीच मात्रा पुन्हा दिली. काही क्षणांतच त्याला श्वास घेता येईना, तो आडवा पडला, त्याला रक्ताची वांती झाली आणि २५ मिनिटांत तो मेला. संरक्षण मिळण्याऐवजी पहिल्या मात्रेने त्याला त्या विषाच्या बाबतीत कमालीचे हळवे करून सोडले होते. संरक्षणाच्या उलट असणाऱ्या या प्रकाराला रिशेने 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले, आणि या कार्याबद्दल त्याला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिक्रियेसाठी 'ॲलर्जी' हा शब्द योजला. मराठी परिभाषेत तिला अधिहृषता म्हणतात; पण व्यवहारात ॲलर्जी हाच शब्द रूढ झाला आहे.

या घटनेतला बोध श्वानपालकांच्या उपयोगाचा आहे. नेपच्यून पहिल्या भेटीत आजारी पडला नाही; दुसऱ्या भेटीत पडला. ॲलर्जी नव्या वस्तूची नव्हे, ओळखीच्या वस्तूची होते. 'हा तर लहानपणापासून दूध-पोळीच खातो, आताच कशी बाधेल?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर हेच की, ती बाधण्यासाठी आधी पुष्कळ दिवस खाल्लेली असावी लागते.

ही आठवण शरीर कोठे साठवते, हे कळावयास आणखी साठ वर्षे लागली. १९६६ मध्ये किमिशिगे इशिझाका व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत, आणि त्याच सुमारास स्वीडनमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे, एक नवे प्रतिपिंड शोधून काढले. त्याला आज इम्युनोग्लोब्युलिन-ई म्हणतात. त्वचेतील मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर ही प्रतिपिंडे बसलेली असतात. ओळखीचे प्रथिन त्यांना येऊन चिकटले की, चाप ओढून ठेवलेली बंदूक उडावी तशी ती पेशी आपल्यातील दाहकारी द्रव्ये एकदम बाहेर फेकते. कुत्र्यातही हीच यंत्रणा असते. तथापि, ज्या प्राण्याने हे शास्त्र जन्माला घातले, त्याला स्वतःला परागकणांची ॲलर्जी होते याचे वर्णन वैद्यकीय वाङ्मयात यावयास १९४१ साल उजाडले.

पहिला संशयित

खाजणारा कुत्रा समोर आला असता जाणता पशुवैद्य प्रथम पिसवांचा विचार करतो. पिसू रक्त पिताना आपली लाळ त्वचेत सोडते आणि त्या लाळेतील प्रथिनांची ॲलर्जी अनेक कुत्र्यांना असते. ॲलर्जी नसलेल्या कुत्र्याच्या अंगावर पुष्कळ पिसवा असल्या तरी तो फारसा अस्वस्थ होत नाही. ॲलर्जी असलेल्याला मात्र मोजके दंश पुरे होतात. अशा कुत्र्याच्या अंगावर पिसू शोधूनही सापडत नाही, कारण तो दिवसभर कुरतडून कुरतडून त्या स्वतःच वेचून काढतो. 'आमच्या कुत्र्याला पिसवा नाहीतच' हे विधान म्हणूनच सावधपणे ऐकावे लागते.

याची एक सोपी परीक्षा आहे. कुत्र्याला पांढऱ्या ओल्या कागदावर उभे करून त्याच्या पाठीवरचे केस उलटे चोळावेत, किंवा बारीक दातांची फणी फिरवावी. कागदावर काळे कण पडतील. ते नुसतीच धूळ असेल तर काळेच राहतील. पिसवांची विष्ठा असेल तर त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरेल, कारण ती विष्ठा म्हणजे कुत्र्याचे वाळलेले रक्तच होय. शाळेतील विद्यार्थ्यांनाही हा प्रयोग करता येतो. मात्र कुत्रा ओळखीचा असावा आणि जवळ मोठे माणूस असावे.

जगभर कुत्र्यांवर बहुतांशी आढळणारी पिसू प्रत्यक्षात मांजराची पिसू म्हणून नोंदलेली आहे. भारतात तिच्याच जवळच्या नात्यातील एक पौर्वात्य जातीही पुष्कळ दिसते. तिचे जीवनचक्र ठाऊक नसल्यामुळेच बहुतेक घरांत उपाय फसतो. मादी दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडी घालू शकते. ती अंडी गुळगुळीत असल्याने केसांवरून घरंगळतात आणि कुत्रा जेथे जेथे बसतो तेथे, चटईवर, गोधडीत, फरशीच्या फटींत, जिन्याखाली, सांडत जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून खोल शिरतात व प्रौढ पिसवांच्या विष्ठेवर पोसतात. मग कोष करून त्यात राहतात. कोषातील पिसू बाहेरच्या हालचालीची, उबेची आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइडची वाट पाहत कित्येक महिने थांबू शकते. महिनाभर बंद असलेले घर उघडताच पायांना पिसवा डसतात याचे कारण हेच. पिसवांनी भरलेल्या घरात प्रौढ पिसवांचे प्रमाण शेकड्यात पाचच्या आसपास असते. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत जमिनीवर असतात. तेव्हा एकदा कुत्र्याला औषधी साबणाने धुऊन काढले म्हणजे शंभरांतील पाच शत्रू मारले एवढेच झाले.

यासाठी घरातील सर्व कुत्र्यामांजरांना एकाच वेळी औषध देणे, ते किमान तीन महिने न चुकता चालू ठेवणे आणि त्याच अवधीत अंथरुणे कढत पाण्याने धुणे, फटी झाडून काढणे, या तिन्ही गोष्टी बरोबरीने कराव्या लागतात. अळ्यांना दमट हवा लागते. कोकण, बंगाल, केरळ यांसारख्या प्रदेशांत पिसवांना वर्षभर सुगी असते. राजस्थानच्या कोरड्या उन्हाळ्यात त्या ओसरतात आणि पाऊस पडला की पुन्हा उठतात. एक इशारा येथे देणे अवश्य आहे. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते कुत्र्याला सोसते, पण मांजराला त्याने झटके येऊन मृत्यूही येऊ शकतो. कुत्र्याच्या औषधाची शिल्लक मांजराला लावण्याची काटकसर कोणीही करू नये.

लूत

'लूत लागलेले कुत्रे' हा शब्दप्रयोग मराठीत तुच्छतेचा आहे. पण लूत हा बरा होणारा रोग आहे, हे त्या शब्दप्रयोगाला माहीत नाही. सार्कोप्टिस नावाचा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, आठ पायांचा जीव त्वचेच्या वरच्या थरात बीळ खणतो, तेथे अंडी घालतो आणि असह्य खाज उत्पन्न करतो. माणसाची खरूजही याच जातीच्या जिवाने होते. १६८७ मध्ये बोनोमो आणि चेस्तोनी या इटालियन संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहून खरजेचे कारण म्हणून त्याचे वर्णन केले. डोळ्यांनी दाखवता आलेले रोगाचे हे अगदी पहिल्या कारणांपैकी एक होय. कुत्र्याच्या अंगावरील प्रकार माणसाला तात्पुरता त्रास देतो, परंतु तेथे तो कायमचा वस्ती करीत नाही; कुत्रा बरा झाला की माणसाची खाजही जाते. घरातील दोघातिघांना पोटावर वा दंडांवर लाल पुटकुळ्या आल्या असतील तर ती गोष्ट पशुवैद्याला आवर्जून सांगावी. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी हा जीव पुष्कळदा सापडत नाही. म्हणून दाट संशय असल्यास वैद्य औषध देऊनच निदान पडताळून पाहतो.

केसांच्या मुळांत राहणारा डेमोडेक्स हा दुसरा जीव थोड्या संख्येने निरोगी कुत्र्यांतही असतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तो आईकडून पिल्लांना मिळतो. शरीराची प्रतिकारशक्ती खालावली तरच त्याची संख्या वाढते आणि केस चट्ट्याचट्ट्यांनी झडतात.

आज या दोन्ही जिवांवर व पिसवांवरही चालणाऱ्या नव्या गोळ्या मिळतात. क्वचित प्रसंगी त्यांनी झटके येऊ शकतात, म्हणून फेफऱ्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तो आधी सांगावा. आयव्हरमेक्टिन या औषधाच्या संशोधनाला २०१५ च्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. परंतु कॉली व तिच्या नात्यातील काही मेंढपाळ जातींच्या कुत्र्यांत एका जनुकातील दोषामुळे ते मेंदूत साचते आणि लुतीवर दिली जाणारी मात्रा त्यांना विषासारखी ठरते. हा दोष २००१ मध्ये उलगडला. औषधाच्या दुकानातून आयव्हरमेक्टिन आणून अंदाजाने टोचणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसेल. गॅरेजमधले जळके तेल, रॉकेल आणि फिनेल यांविषयी तर बोलावयासच नको. कातडी भाजते ती भाजतेच. शिवाय कुत्रा अंग चाटतो आणि ते सर्व त्याच्या पोटात जाते.

वास आणि चिकटपणा

जंतू आणि यीस्ट हे बहुधा मूळचे चोर नसतात. उघड्या दारातून आत आलेले असतात. ओरबाडलेल्या त्वचेवर एका जातीचे स्टॅफिलोकॉकस जंतू वाढून पुळ्या व खपल्या धरतात. मॅलॅसेझिया या यीस्टने कान, काखा व बोटांमधल्या बेचक्या तेलकट होऊन त्यांना उग्र कुबट वास येतो. कुत्र्यावर वाढणाऱ्या या यीस्टच्या नावात 'जाड कातडीचा' असा अर्थ दडलेला आहे, कारण १९२५ मध्ये ते प्रथम सापडले ते त्वचेचे पापुद्रे निघणाऱ्या एका बंदिवान भारतीय गेंड्याच्या अंगावर. या दोहोंची परीक्षा फार सोपी आहे: काचपट्टी त्वचेवर दाबावयाची, रंगवावयाची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाची. तरीही कित्येकदा ती न करता प्रतिजैविके दिली जातात, आणि औषधांना दाद न देणारे जंतू निपजतात. क्लोरहेक्सिडिनयुक्त शाम्पू लावून दहा मिनिटे तसाच ठेवणे, मग धुणे, असे आठवड्यातून एकदोनदा केल्यास पुष्कळ ठिकाणी प्रतिजैविकांची गरजच पडत नाही. दहा मिनिटे हा आकडा महत्त्वाचा आहे. लावून लगेच धुतलेला शाम्पू फुकट जातो. माणसाचा साबण मात्र कुत्र्याला वापरू नये.

आठ आठवड्यांची कसोटी

परोपजीवी गेले, जंतू आवरले, आणि तरीही खाज वर्षाचे बाराही महिने चालूच राहिली, तर अन्नाकडे वळावे लागते. कुत्र्याला अन्नाची ॲलर्जी होते ती बहुधा प्रथिनांची. नोंदलेल्या रुग्णांत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू ही कारणे सर्वांत पुढे आहेत. ही यादी मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील कुत्र्यांची आहे. पण तिच्यातील दूध, गहू आणि कोंबडी हे आपल्याकडील घरच्या कुत्र्याचेही नित्याचे जेवण आहे, हे सहज ध्यानात येईल.

रक्त, लाळ वा केस तपासून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्या बाजारात आहेत. त्या विश्वसनीय नाहीत. विश्वसनीय कसोटी एकच, आणि तिला पैशांपेक्षा निग्रह अधिक लागतो. कुत्र्याने जन्मात कधी खाल्ले नाही असे एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, किंवा ज्यातील प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले आहेत असा तयार आहार, पशुवैद्याच्या सल्ल्याने निवडावयाचा आणि आठ आठवडे त्यावाचून दुसरे काहीही तोंडात जाऊ द्यावयाचे नाही. अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी शेकडा ९० हून अधिक कुत्र्यांची खाज तेवढ्या अवधीत उतरते. उतरल्यावर जुने अन्न मुद्दाम पुन्हा सुरू करावयाचे; साधारणतः दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, तरच निदान सिद्ध झाले.

ही कसोटी कागदावर जितकी साधी तितकीच घरात अवघड. आई काटेकोरपणे मोजून जेवण घालते. धाकटा मुलगा शाळेतून येताच अर्धे बिस्किट देतो. आजीला पहिली पोळी मुक्या जिवाला दिल्यावाचून चैन पडत नाही. शेजारची मंडळी फाटकातून हाडूक टाकतात. आणि जंतांची गोळी मांसाच्या चवीची असते. सहाव्या आठवड्यातील एका बिस्किटाने साडेपाच आठवडे पाण्यात जातात. म्हणून आरंभीच सगळ्या घराला एकत्र बसवून सांगावे आणि आजीलाही त्या पथ्याच्या डब्यातलाच घास हातात द्यावा, म्हणजे तिचे व्रतही चालते.

खाजेचा नकाशा

एवढे करूनही काही कुत्रे उरतात. या उरलेल्यांचे दुखणे म्हणजे परिसरातील वस्तूंची ॲलर्जी, ॲटोपी. धुळीतील माइट नावाचे सूक्ष्म जीव, परागकण आणि बुरशीचे बीजाणू हे तिचे कारण. हे पदार्थ श्वासावाटे आत जातात असे पूर्वी मानीत. आता असे दिसते की, अशा कुत्र्यांच्या त्वचेचा बांधच जन्मतः कच्चा असतो आणि ॲलर्जीकारक द्रव्ये त्यातूनच आत झिरपतात. जमिनीला लागणारे पंजे आणि केस विरळ असलेले पोट यांना आधी त्रास होतो, तो यामुळेच. दोष आनुवंशिक आहे. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सर, जर्मन शेपर्ड, पग या आपल्या शहरांत दिसणाऱ्या जातींत तो अधिक आढळतो. पग विकत घेणाऱ्याला ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही.

ॲटोपी सिद्ध करणारी एकच अशी चाचणी नाही. निरोगी कुत्र्याच्या रक्तातही धुळीतील माइटविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. त्यामुळे रक्ताचा अहवाल हातात घेऊन निदानाला निघणे म्हणजे उलट्या बाजूने पुस्तक वाचणे होय. निदान होते ते इतर कारणे एकेक करून वगळल्याने, आणि खाज कोठे आहे हे पाहिल्याने. शेपटीचे मूळ व मांड्यांची मागची बाजू धरली असेल तर पिसवा. कानाच्या कडा व कोपर धरले असतील तर लूत. कडा सोडून कानाचा आतला भाग, पुढचे पंजे, काखा व तोंड धरले असेल, पाठ स्वच्छ असेल, आणि त्रास सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू झाला असेल, तर ॲटोपी. हा नकाशा नेहमीच बरोबर ठरत नाही, पण वाट दाखवतो.

दाबणे आणि शमवणे

ॲटोपी बहुधा जन्मभर सोबत करते; ती मुळापासून जात नाही, हे मालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणे हिताचे असते. नाही तर तो वर्षभरात चार वैद्य बदलतो आणि पाचव्या ठिकाणी 'एका इंजेक्शनात बरा' करणारा त्याला भेटतो. ते इंजेक्शन बहुधा दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचे असते. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. भडकलेला दाह ते काही तासांत उतरवते आणि थोड्या दिवसांसाठी, वैद्याच्या देखरेखीखाली, त्याला तोड नाही. परंतु महिन्यामागून महिने ते देत गेल्यास कुत्र्याची तहान व भूक वाढते, पोट सुटते, त्वचा पातळ होते, प्रतिकारशक्ती खचते, आणि मघाचा तो डेमोडेक्स डोके वर काढतो. मूळचे दुखणे लूत असताना ॲलर्जी समजून स्टेरॉइड दिले, तर चार दिवस कुत्रा शांत होतो आणि त्या शांततेत लूत अंगभर पसरते. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणेही धोक्याचे असते.

माणसाच्या सर्दीखोकल्याच्या गोळ्या कुत्र्याला देणारेही पुष्कळ आहेत. हिस्टामिनला अडवणाऱ्या गोळ्यांचा कुत्र्याच्या खाजेवर फारच थोडा परिणाम होतो, कारण तिचा मुख्य दूत निराळा आहे. २००४ मध्ये इंटरल्यूकिन-३१ नावाचे एक प्रथिन सापडले. ते टोचले असता निरोगी कुत्राही खाजवू लागतो. हा दूत मज्जातंतूंपर्यंत पोहोचू नये किंवा त्याचा निरोप पुढे जाऊ नये, अशी दोन औषधे त्यानंतर निघाली: २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ऑक्लासिटिनिबची गोळी आणि २०१७ मध्ये युरोपात मान्य झालेले लोकिवेटमॅब हे महिन्याला एकदा टोचावयाचे प्रतिपिंड. गोळी एक वर्षाखालील पिल्लांना देत नाहीत. दोन्ही औषधे महाग आहेत आणि दोन्ही खाज शमवतात; तिचे कारण नाहीसे करीत नाहीत. माणसाच्या गोळ्यांत सर्दीसाठी स्यूडोएफेड्रिन मिसळलेले असेल तर ते कुत्र्याला घातक ठरते, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

कारणाच्या जवळ जाणारा उपाय एकच आहे, आणि तो जुना आहे. ज्याची ॲलर्जी त्याचीच अत्यल्प मात्रा टोचून ती हळूहळू वाढवत न्यावयाची, ही पद्धत लंडनच्या लेनर्ड नून याने १९११ मध्ये परागज्वराच्या रुग्णांसाठी प्रसिद्ध केली. रिशेला जे नेपच्यूनच्या बाबतीत साधले नाही, ते येथे मात्रेच्या बारकाव्याने साधले जाते. ॲलर्जीच्या चाचण्यांचा खरा उपयोग या लसीत काय घालावयाचे हे ठरवण्यापुरता आहे. निम्म्याहून अधिक कुत्र्यांना तिने चांगला गुण येतो; मात्र तो दिसावयास कधी कधी वर्ष लागते. तोवर स्नान, पिसवांचा बंदोबस्त आणि खाज शमवणारे औषध ही चालूच ठेवावी लागतात.

या साऱ्या काळात घरच्यांनी करावयाचे एक काम पशुवैद्याला करता येत नाही. आठवड्यातून एक वार ठरवून त्या दिवशी कुत्र्याची खाज शून्य ते दहा या मापात वहीत लिहावी: शून्य म्हणजे निरोगी कुत्रा खाजवील तेवढेच, दहा म्हणजे खाणे-झोपणे सोडून अखंड. शेजारी त्या आठवड्यातले अन्न, औषध, स्नान आणि पाऊस यांची एका ओळीत नोंद करावी. हे काम घरातील शाळकरी मुलाकडे द्यावे. ते मोठ्यांपेक्षा नेमाने करते. पुढच्या वर्षी पावसाळा तोंडावर आला असता ही वही काढून पाहावी. गेल्या जूनच्या कोणत्या आठवड्यात आकडा तीनावरून सहावर चढला हे तिच्यात लिहिलेले असते, आणि पिसवांचे औषध व औषधी स्नान त्याच्या पंधरा दिवस आधी सुरू करता येते.